बाटलीतला समुद्रजीव

१८६८च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या नॉर्विच शहरी ब्रिटिश असोसिएशनची वार्षिक सभा भरली होती. डार्विनचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा थॉमस हेन्री हक्सले याने त्या सभेत एका नव्या जीवाची वार्ता दिली. हा जीव म्हणजे नुसता बुळबुळीत, पारदर्शक लगदा. त्याला तोंड नाही, पोट नाही, अवयव नाहीत, ठरावीक आकारसुद्धा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लगद्यात बारीक कण आणि चुनखडीच्या इवल्या चकत्या रुतलेल्या दिसत. हक्सलेने त्याचं नाव ठेवलं बॅथिबियस हेकेली. सगळ्या सजीवांच्या मुळाशी असा साधा, बिनअवयवांचा जीवद्रव्याचा गोळाच असला पाहिजे, असं जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल दोन वर्षांपूर्वीपासून सांगत होता. त्याच्या सन्मानार्थ हे नाव दिलं होतं.

ज्या चिखलात तो सापडला, तो चिखल अकरा वर्षांचा जुना होता. १८५७ साली अटलांटिकच्या तळावरून तारायंत्राची केबल टाकायची म्हणून ‘सायक्लॉप्स’ या जहाजाने ठिकठिकाणी खोली मोजली होती. तळाला टेकलेल्या शिशाच्या वजनाबरोबर चिमूट-चिमूट गाळ वर आला. तो कडक अल्कोहोलमध्ये बुडवून, बाटल्यांची बुचं पक्की लावून हक्सलेकडे पाठवण्यात आला होता. तेव्हा त्याने तो तपासला, त्यातल्या चुन्याच्या चकत्यांना नाव दिलं आणि बाटल्या फळीवर ठेवून दिल्या. पुढे अधिक ताकदीचं भिंग हाती आलं तशा त्याने त्या पुन्हा काढल्या, आणि चकत्यांच्या अवतीभवती हा लगदा त्याच्या नजरेस पडला.

एवढ्याशा बाटलीतून केवढं चित्र उभं राहिलं! दोन वर्षांत हक्सले म्हणू लागला की हजारो मैल पसरलेल्या समुद्रतळावर या जिवंत द्रव्याचा सलग थर असावा. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध होऊन जेमतेम दशक झालं होतं. माणूस माकडापासून, माकड आणखी कुणापासून, अशी साखळी मागे मागे नेली की शेवटी निर्जीव आणि सजीव यांच्या सांध्यावर काय होतं, हा प्रश्न उरायचाच. आता त्याचं उत्तर समुद्राच्या तळाशी पसरलेलं होतं, आणि तेही जिवंत. हेकेलला तर हर्ष झाला.

गंमत म्हणजे त्याआधी वीस-पंचवीस वर्षं शहाण्यासुरत्या मंडळींचं मत याच्या अगदी उलट होतं. खोल समुद्रात काहीही नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ते मत पसरवणारा एडवर्ड फोर्ब्स हा आइल ऑफ मॅनचा गडी. उमदा, गप्पिष्ट, मित्रांचा लाडका आणि तळ खरवडण्याच्या कामावर गाणं रचणारा. १८४१-४२मध्ये ‘बीकन’ या नौदलाच्या जहाजावरून त्याने ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात शंभराहून अधिक वेळा तळ खरवडला. जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी आणि लहान होत जातात, असं त्याला दिसलं. त्याचं सर्वांत खोल जाळं गेलं २३० वावांवर. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट. दर्यावर्दी लोक पाण्याची खोली अशीच मोजत आले. फोर्ब्सने कागदावरची उतरती रेघ तशीच पुढे ओढली. ती ३०० वावांवर, म्हणजे सुमारे ५५० मीटरवर, शून्याला टेकली. त्याखाली अंधार, गारठा आणि पाण्याचा प्रचंड दाब. तिथे जीव जगेल तरी कसा? तर्क बिनतोड वाटत होता.

पण एजियन हा पोषणद्रव्यांच्या बाबतीत मुळातच दरिद्री समुद्र. फोर्ब्सचं ड्रेज, म्हणजे तळ खरवडायचं जाळंही, लहान तोंडाचं होतं आणि त्याची भोकं चिखलाने चटकन बुजत. एका गरीब घरच्या चुलीपाशी डोकावून साऱ्या गावाचा स्वयंपाक ठरवावा, तसं झालं. फोर्ब्सला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने अंदाज म्हणून मांडलं, लोकांनी सिद्धांत म्हणून उचललं. तो १८५४मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच वारला आणि त्याची रेघ मागे राहिली.

तिच्याविरुद्धचा पुरावा मात्र तिच्याआधीपासूनच होता. १८१८मध्ये जॉन रॉस उत्तरेकडे बॅफिनच्या उपसागरात गेला असताना त्याने हजार वावांच्या आसपासच्या खोलीतून चिखल वर आणला. त्यात किडे होते. दोरीला गुरफटून एक अजब तारामासाही आला होता, फांद्यांना फांद्या फुटलेल्या भुजांचा. त्याच सफरीत रॉसला लँकेस्टर सामुद्रधुनीच्या तोंडाशी डोंगरांची रांग ‘दिसली’ आणि पुढे वाट नाही म्हणून तो परतला. ते डोंगर नव्हतेच. इंग्लंडात त्याची इतकी छी-थू झाली की त्याने खरोखर पाहिलेल्या तारामाशाकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

१८६०मध्ये एकाच वर्षात दोन धक्के बसले. सार्डिनिया बेट आणि अल्जीरियाचा किनारा यांच्यामधली तारायंत्राची केबल तुटली होती. फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने ती १२०० वावांपर्यंतच्या खोलीतून उपसून काढली, तेव्हा तिच्या तुकड्यांवर पोवळी आणि शिंपले घट्ट बसलेले होते. जाळ्यात आलेल्या प्राण्याबद्दल तो वर येताना वाटेत अडकला असेल, अशी शंका काढता येते. केबलवर पाय रोवून वाढलेल्या पोवळ्याबद्दल ती कशी काढणार?

दुसरा धक्का दिला जॉर्ज चार्ल्स वॉलिच या डॉक्टरने. हा कोलकात्यात जन्मला होता. त्याचे वडील तिथल्या प्रसिद्ध वनस्पतिउद्यानाचे प्रमुख. स्वतः वॉलिचने हिंदुस्थानी सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून चाकरी केली होती. ‘बुलडॉग’ जहाजावर असताना उत्तर अटलांटिकमध्ये १२६० वावांवर खोली मोजली गेली. दोरी थोडी जास्तच सोडली गेल्यामुळे तिचं टोक काही वेळ तळावर पडून राहिलं. ती वर आली तेव्हा त्या टोकाला लांब, काटकुळ्या भुजांचे तेरा तारामासे चिकटले होते. वॉलिचने त्यांची पोटं फाडून पाहिली. आत तळावरच्या गाळातलेच सूक्ष्म जीव होते. म्हणजे हे पाहुणे खालचेच रहिवासी. तरीही टीकाकारांनी म्हटलं, मधल्या पाण्यातून दोरीला लटकले असतील.

वॉलिच तिरसट होता आणि आपलं श्रेय दुसरे लाटतात ही सल त्याने जन्मभर जपली. पण नजर पक्की. बॅथिबियसचा गाजावाजा झाला तेव्हा हा जीवच नव्हे, असं पहिल्यापासून बजावणाऱ्या मोजक्या लोकांत तो होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. लिनियन सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं ते १८९८मध्ये, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

वादाचा निकाल लावायचा तर जहाज हवं होतं. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजचा चार्ल्स वायव्हिल टॉमसन आणि लंडनचा विल्यम कार्पेंटर यांनी नौदलाकडे धोशा लावून आधी ‘लाइटनिंग’ आणि मग ‘पॉर्क्युपाइन’ ही जहाजं मिळवली. १८६९मध्ये ‘पॉर्क्युपाइन’ने बिस्केच्या उपसागराजवळ २४३५ वावांवर, साडेचार हजार मीटरांच्या आसपास, ड्रेज टाकलं. वर आलेल्या गाळात जिवंत प्राणी होते. फोर्ब्सची रेघ तिथेच पुसली गेली. त्याच मोहिमेत ताजा चिखल पाहताना टॉमसनला त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट पदार्थ जाणवला आणि हाच तो बॅथिबियस असं त्याने आनंदाने नोंदवून ठेवलं. जे दिसावंसं वाटतं ते दिसतं. टॉमसन काही भोळा नव्हता. पण हक्सलेचं नाव मोठं होतं आणि चिखल तर चिकट असतोच.

त्यानंतर ‘चॅलेंजर’ निघालं.

२१ डिसेंबर १८७२ला पोर्ट्समथहून निघालेलं हे लढाऊ जहाज. त्याच्या सतरा तोफांपैकी पंधरा उतरवून त्या जागी प्रयोगशाळा, बाटल्यांची कपाटं आणि मैलोगणती ताग-दोरखंड भरला होता. शास्त्रज्ञांचा पुढारी टॉमसन. त्याच्यासोबत जॉन मरे, हेन्री मोझली, जर्मनीचा तरुण रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम आणि रसायनतज्ज्ञ जॉन यंग ब्युकॅनन. खलाशी आणि अधिकारी मिळून दोन-अडीचशे माणसं. पुढल्या साडेतीन वर्षांत या जहाजाने जवळपास ६९ हजार सागरी मैलांचा फेरा केला आणि ३६२ ठिकाणी थांबून समुद्राची झडती घेतली.

झडती म्हणायला सोपी. प्रत्यक्षात एका जागी सबंध दिवस जाई. सकाळी शिडं गुंडाळून, वाफेच्या जोरावर जहाज जागच्या जागी धरायचं. मग वजन लावलेली दोरी सोडायची. ती तळाला टेकायलाच तासाच्या वर वेळ लागे, कारण खाली तीन-चार किलोमीटर पाणी. खोली कळली की थर्मामीटर, पाणी भरून आणणाऱ्या बाटल्या, आणि सरतेशेवटी ड्रेज किंवा ट्रॉलचं जाळं. ते तळावर काही तास फरफटवून छोट्या वाफेच्या इंजिनाने परत ओढायचं. दोरखंडावर ताण इतका येई की लाकूड करकरू लागे. मोहिमेच्या पहिल्याच वर्षी दोरीची कप्पी तुटून एका पोरसवदा खलाशाचा जीव गेला.

संध्याकाळी जाळं फळ्यांवर रितं होई. उष्ण कटिबंधात, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना, हा चिखल हाताला बर्फासारखा गार लागे. खाली दोन-तीन अंशांच्या वर तापमान नाही, हे थर्मामीटरच्या आधी बोटांनाच कळत असे. मग तो चाळण्यांमधून धुवायचा. मोझलीने लिहून ठेवलंय की सुरुवातीला जाळं वर यायची वेळ झाली की झाडून सगळं जहाज डेकवर गोळा होई. पुढेपुढे जेवणाची वेळ आणि जाळ्याची वेळ एक झाली की शास्त्रज्ञांखेरीज तिकडे कुणी फिरकत नसे. खलाशांना तर हे काम म्हणजे निव्वळ हमाली वाटे. मोहिमेत साठाच्या आसपास माणसं वेगवेगळ्या बंदरांत पळून गेली. अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षात पाळलेला पोपट दोन हजार वाव आणि डॉक्टर कार्पेंटर यांच्या नावाने ओरडायला शिकला होता.

या सगळ्या खटाटोपात बॅथिबियस मात्र कुठेच सापडेना. एक वर्ष गेलं, दोन गेली. मरे दर ठिकाणचा ताजा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसे. हक्सलेच्या वर्णनाप्रमाणे हा लगदा साऱ्या तळावर पसरलेला असायला हवा होता आणि इथे शेकडो नमुन्यांत त्याचा मागमूस नाही. ब्युकॅननने रसायनाच्या बाजूने शोध चालवला. तळाला जिवंत द्रव्याचा थर असेल तर तळालगतच्या पाण्यातही त्याचा अंश उतरणार. ते पाणी आटवून, उरलेला क्षार लाल होईस्तोवर तापवला, तर सेंद्रिय पदार्थ जळून काळा पडायला हवा. तो पडला नाही.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की लगदा अजिबात दिसत नाही असं नाही. काही बरण्यांत दिसतो. कुठल्या बरण्यांत? ज्यांत चिखल टिकवण्यासाठी अल्कोहोल घातलं होतं, फक्त त्यांत. ताज्या चिखलात कधीच नाही.

ब्युकॅननने चिखल बाजूला ठेवला. नुसतं समुद्राचं पाणी घेतलं आणि त्यात कडक अल्कोहोल ओतलं. पाणी गढूळलं आणि त्यातून बुळबुळीत, पारदर्शक साका खाली बसू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब बॅथिबियस! समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपला जिप्सम, अल्कोहोलात विरघळून राहू शकत नाही. ते असं लगद्याच्या रूपात बाहेर पडतं. ‘सायक्लॉप्स’वरच्या माणसांनी १८५७मध्ये चिखल नासू नये म्हणून अल्कोहोल ओतलं, त्याच क्षणी बाटलीत हा जीव जन्माला आला होता. अटलांटिकच्या तळावर तो कधीच नव्हता.

१८७५च्या उन्हाळ्यात ‘चॅलेंजर’ जपानात होतं. त्याआधी २३ मार्चला त्याने मेरियाना बेटांजवळ ४४७५ वाव, म्हणजे ८१८४ मीटर खोली मोजली होती. ती या सफरीतली सर्वांत खोल जागा. तिथल्या दाबाने थर्मामीटर फुटले होते. ९ जूनला टॉमसनने हक्सलेला पत्र लिहून ब्युकॅननचा निष्कर्ष कळवला. पत्र लिहिताना त्याला नक्कीच अवघडल्यासारखं झालं असणार, कारण तो स्वतःही त्या लगद्याचा साक्षीदार होता. हक्सलेने फार वेळ घेतला नाही. ऑगस्टमध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्याने पत्राचा आशय छापला आणि चूक झाली असेल तर तिची मुख्य जबाबदारी आपली, असं उघडपणे कबूल केलं. चार वर्षांनी ब्रिटिश असोसिएशनच्या शेफील्डच्या सभेत अध्यक्षांनी आपल्या भाषणात बॅथिबियसची पुन्हा स्तुती केली. त्यांचे आभार मानायला उठलेल्या हक्सलेने थट्टेच्या सुरात सांगितलं की या पोराकडून बालपणी ज्या आशा होत्या त्या पुढे पुऱ्या झाल्या नाहीत. सभा हसली. हेकेल मात्र आणखी काही वर्षं आपला हेका सोडायला तयार नव्हता.

डार्विनविरोधकांना आयतं कोलीत मिळालं आणि त्यांनी ते बराच काळ नाचवलं. पण बॅथिबियस ज्या माणसांनी मोडीत काढला ती उत्क्रांतीवादाच्याच गोटातली होती, हे ते सोयीस्करपणे विसरत.

‘चॅलेंजर’च्या मंडळींची आणखी एक आशा होती. वर जमिनीवर आणि उथळ समुद्रात जे प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले, ते खाली, जिथे ऋतू बदलत नाहीत, तिथे दडून राहिले असतील. नॉर्वेजवळ १८६४मध्ये ३०० वावांवर देठ असलेला, फुलासारखा एक प्राणी मिळाला होता; त्याचे भाऊबंद तोवर बहुतांशी खडकातच सापडत. मग फक्त जीवाश्मांतून ठाऊक असलेला ट्रायलोबाइट का नाही मिळणार? मोझलीच्या सांगण्याप्रमाणे शेवटच्या दिवसापर्यंत जाळ्यात आलेली प्रत्येक माकूल दाबून पाहिली जात होती. न जाणो, पाठीत बेलेम्नाइटचं, म्हणजे माकुलीच्या नामशेष भाऊबंदाचं, हाड लागलं तर! ते लागलं नाही. समुद्राने त्यांना पुरातन जग दिलं नाही, नवंच दिलं. सुमारे ४७०० अपरिचित जाती, ज्यांची वर्णनं लिहून संपवायला १८९५ साल उजाडलं आणि पन्नास जाडजूड खंड लागले. काम सुरू करणारा टॉमसन १८८२मध्येच खचून वारला. विलेमोस-झूम तर १८७५मध्ये पॅसिफिकमध्येच आजाराने गेला. त्याचं शव समुद्रात सोडण्यात आलं. खंड पुरे केले ते जॉन मरेने.

त्या जाळ्यांतून आलेल्या एका वस्तूने पुढे मोठा घोळ घातला. पॅसिफिकच्या तळावरून मॅंगनीजच्या काळ्या गोळ्यांबरोबर तळहाताएवढे दात वर आले. ते मेगालोडॉन या अतिविशाल शार्कचे होते. १९५९मध्ये एकाने दातांवरच्या मॅंगनीजच्या पुटाची जाडी मोजली आणि एक दात जेमतेम अकरा हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. म्हणजे भूगर्भाच्या हिशेबाने कालचाच. हा राक्षस अजून खाली फिरत असेल, या कल्पनेवर पुढे किती कादंबऱ्या आणि सिनेमे निघाले! वस्तुतः खोल तळावर असं पुट चढायला अतोनात काळ लागतो; दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. मेगालोडॉन सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच संपला. दात होता खरा, फक्त घड्याळ चुकलं होतं.

असंच एकदा ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या बाबतीत घडलं. १९३०मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ त्याच्या जाळ्यात ईल माशाच्या जातीचं वाटणारं एक पारदर्शक पिल्लू आलं, लांबी जवळपास १.८ मीटर. नेहमीच्या ईलची पिल्लं बोटभर असतात आणि पुढे कितीतरी पट वाढतात. त्याच प्रमाणात हिशेब केला की हा थोरला होऊन सागरी अजगरच ठरणार. पुढे चाळीसेक वर्षांनी कळलं की पिल्लू वेगळ्याच कुळातलं होतं आणि त्या कुळातली पिल्लं मोठी झाल्यावर लांबीने वाढतच नाहीत. पुन्हा एकदा फोर्ब्सचीच खोड: दोन ठिपके घ्यायचे आणि रेघ मनाला येईल तिथवर ओढायची.

आणि तरीही समुद्राने पुरातन जीव अगदीच दिले नाहीत असं नाही. ते नको तेव्हा, नको तिथे आले. सात कोटी वर्षांपूर्वी संपला असं मानलेला सीलाकँथ मासा २२ डिसेंबर १९३८ला दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या तरुणीला मासळीच्या ढिगात दिसला. तो अथांग डोहातून आलाच नव्हता. मच्छिमारी ट्रॉलरच्या जाळ्यात सुमारे ७० मीटरवर अडकला होता. खऱ्या खोलीतून आलेला ‘पूर्वज’ त्याहून साधा: ‘गॅलाथिया’ जहाजाने १९५२मध्ये कोस्टा रिकाजवळ साडेतीन हजार मीटरवरून आणलेला, टोपीच्या आकाराचा शिंपला. त्याचं कुळ कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलं, असं पुस्तकांत छापलेलं होतं. 

आपल्याकडच्या समुद्राचं काय? ‘चॅलेंजर’ केप टाउनहून थेट दक्षिणेकडे बर्फाच्या दिशेने गेलं, तिथून ऑस्ट्रेलियाला. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याने पाहिलेच नाहीत. ते काम केलं ‘इन्व्हेस्टिगेटर’ने. १८८१मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ही लाकडी, चाकांची आगबोट. किनाऱ्याचे नकाशे काढणं हे तिचं मुख्य काम. फुरसतीत खोल पाण्यात जाळं. १८८४पासून तिची सूत्रं आल्फ्रेड कार्पेंटर या अधिकाऱ्याकडे होती. त्याने हे काम ‘चॅलेंजर’वरच पाहिलेलं होतं. बोटीवर शल्यचिकित्सक म्हणून नेमलेला आल्फ्रेड अल्कॉक रोग्यांपेक्षा माशांत जास्त रमला. त्याने खोल पाण्यातले कितीतरी मासे आणि खेकडे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोचवले आणि १९०२मध्ये त्यावर एक वाचनीय पुस्तक लिहिलं.

आणि फोर्ब्सलाही अखेर अरबी समुद्रात थोडा न्याय मिळाला. जॉन मरे पुढे ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या व्यवसायात गबर झाला होता. त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून १९३३-३४मध्ये ‘मबाहिस’ हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्रात फिरलं; नेता सेमूर सीवेल, जो आधी भारताच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचा प्रमुख होता. अरबस्तानच्या बाजूला, काही शे मीटर खोलीच्या पट्ट्यात, त्यांच्या जाळ्यात हिरवट, कुजक्या अंड्यांचा वास मारणारा चिखल आला; प्राणी जवळजवळ नाहीतच. जीवशून्य पट्टा होता तर! पण तो अंधारामुळे किंवा दाबामुळे नव्हता. वरच्या पाण्यात मोसमी वाऱ्यांमुळे इतकं सूक्ष्मजीवन फोफावतं की ते मरून खाली बसताना मधल्या थरातला प्राणवायू खाऊन टाकतं. त्याहून खाली प्राणवायू पुन्हा मिळतो आणि प्राणीही. फोर्ब्सने जिथून ओसाडी सुरू होते म्हटलं, तिथून आणखी बरंच खाली गेल्यावर इथे वस्ती लागते. आज गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या पट्ट्याचा अभ्यास चालतो.

सर्वांत मोठा धक्का मात्र ज्यांनी कुठलाही प्राणी शोधायचं मनात आणलं नव्हतं त्यांना बसला. १९७७च्या फेब्रुवारीत गालापागोस बेटांजवळ, समुद्रतळाला चिरा पडलेल्या जागी, अमेरिकन भूशास्त्रज्ञ गरम पाण्याचे झरे शोधत होते. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. दोरीला बांधून तळालगत ओढलेल्या कॅमेऱ्याने सुमारे ३००० छायाचित्रं काढली. जिथे तापमानाचा काटा क्षणभर उसळला, नेमक्या तेवढ्या १३ छायाचित्रांत शिंपल्यांची रास होती. १७ तारखेला ‘अल्विन’ ही पाणबुडी जॅक कॉर्लिसला घेऊन अडीच हजार मीटर खाली गेली. त्याने वर जहाजावरच्या आपल्या विद्यार्थिनीला विचारलं, खोल समुद्र ओसाड असतो ना? मग इथे एवढे प्राणी कसे? पुढल्या बुड्यांत दोन मीटरांपर्यंत लांब, पांढऱ्या नळीत राहणारे, लालभडक तुऱ्याचे किडे दिसले. नमुने ठेवायला फॉर्मॅलिन पुरेसं नव्हतं. काही प्राणी रशियन व्होडकात बुडवून आणावे लागले. अल्कोहोलची ही बाटली मात्र खरी निघाली.

या किड्यांना तोंड नव्हतं आणि पोटही नव्हतं. हक्सलेच्या लगद्याचं वर्णन होतं जवळपास तेच, पण हे धडधडीत मोठे प्राणी होते. ते जगतात कशावर? हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या कोलीन कॅव्हनॉ हिने एका व्याख्यानात ऐकलं की या किड्यांच्या अंगात गंधकाचे खडे सापडतात, आणि ती तिथल्या तिथे उभी राहिली. तिचं म्हणणं, आत जिवाणू असले पाहिजेत. झऱ्यातल्या गंधकयुक्त वायूपासून ऊर्जा घेऊन तेच किड्याला पोसतात. १९८१मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि खरं ठरलं. सूर्यप्रकाशावर न चालणारी अन्नसाखळी कुणी कल्पिलीच नव्हती, म्हणून कुणी तिची रेघही ओढली नव्हती.

तसे झरे हिंद महासागरातही आहेत. तिथल्या एका झऱ्यावर, मध्य हिंद महासागरी पर्वतरांगेत सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, २००१मध्ये एक गोगलगाय मिळाली. तिच्या पायाला खवले आहेत आणि खवल्यांवर लोह-गंधकाचा मुलामा. लोह-गंधकाचं असं चिलखत अंगावर बाळगणारा दुसरा प्राणी आजवर ठाऊक नाही. तिचं रीतसर शास्त्रीय नामकरण व्हायला २०१५ उजाडलं; तोवर ती ‘खवल्या पायाची’ म्हणूनच ओळखली जाई. चारच वर्षांनी, २०१९मध्ये, ती संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे या यादीत जाणारी ती पहिली. तोवर ती तीन झऱ्यांवर ठाऊक होती आणि त्यांपैकी दोन झरे खनिजांच्या शोधासाठी दिलेल्या परवान्यांच्या हद्दीत येत होते.

भारतालाही २०१६पासून याच महासागरातल्या १० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात गंधकयुक्त खनिजं शोधण्याचा हक्क आहे. गोव्याच्या वास्को बंदरातल्या ध्रुवीय व महासागरी संशोधन केंद्राने चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेसोबत २०२४च्या अखेरीस साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं प्रसिद्ध केली, मानवविरहित पाणबुडीने काढलेली. यंत्र तिथे गेलं ते धातूंच्या शोधात. झऱ्याभोवती कोण कोण राहतं, याची यादी आता करायची आहे.